पाडव्याला मुलांच्या हाती पंचांग द्या

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दर शनिवारी संध्याकाळी वाचनकट्टा भरतो. सतरंजी टाकून आठ-दहा मुलं बसतात, वय आठ ते बारा. पहिल्या वर्षी पाडव्याच्या आधीच्या शनिवारी मी त्यांना गुढीविषयी पाऊण तास सांगितलं. ब्रह्मदेवाची, रामाची, शालिवाहनाची, सगळ्या गोष्टी झाल्या. मुलं शहाण्यासारखी ऐकत बसली आणि एकानेही काही विचारलं नाही. उठायच्या वेळी एका मुलाने माझ्या पिशवीतून डोकावणारं पंचांग उघडलं, ‘क्षय’ या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाला, “काकू, हा दिवस कुठे गेला?”

त्यानंतर तासभर कोणी जागचं हललं नाही.

तेव्हापासून मी सांगणं कमी केलं आणि पंचांग त्यांच्या पुढ्यात ठेवू लागले. ज्या मुलांना वाचायची गोडी आहे, त्यांना कोड्यांनी भरलेलं पान मिळालं की दुसरं काही लागत नाही. पंचांग तर वर्षभराचं कोडं आहे. घरी एकटं मूल असो की इमारतीतली दहा, मी जे करते ते क्रमाने लिहिते आहे.

आठ दिवस आधी : जमवाजमव

पंचांगं दोन हवीत, एक नव्या वर्षाचं आणि एक सरत्या वर्षाचं. सरत्या वर्षाचं शेजारच्या आजींकडे किंवा रद्दीत मिळतं. दोन वर्षांची पानं शेजारी-शेजारी ठेवली की फरक मुलांना आपोआप दिसतात आणि निम्मे प्रश्न तिथेच जन्मतात. भिंतीवरचं साधं मराठी कॅलेंडरही घ्या, कारण त्यातले चौकोन मुलांच्या ओळखीचे असतात. शिवाय मीटरची पट्टी, खडू, सुतळी आणि प्रत्येकाला एक कोरी वही.

साठ संवत्सरांची, म्हणजे साठ वर्षांच्या फेऱ्यातल्या एकेका वर्षाची, नावं एका मोठ्या कागदावर क्रमाने उतरून भिंतीला लावा. प्रभव, विभव, शुक्ल, प्रमोद अशी सुरुवात होते आणि साठावं नाव क्षय. हा कागद मी स्वतः लिहीत नाही, मोठ्या मुलांकडून लिहून घेते. लिहितानाच ‘हेमलंबी म्हणजे काय’, ‘खर म्हणजे गाढव ना’ असं सुरू होतं. शब्दकोश जवळ ठेवा आणि अर्थ त्यांचे त्यांना शोधू द्या.

पहिली बैठक : पान कसं वाचायचं

पंचांग म्हणजे पाच अंगं : तिथी, वार, नक्षत्र, योग, करण. पाचही एका दिवसात शिकवायला जाऊ नका. पहिल्या बैठकीत फक्त तिथी. वार त्यांना येतो, नक्षत्र पुढे चंद्र बघताना येईल, योग आणि करण कोणी विचारलं तरच.

तिथी समजावायला गच्चीवर खडूने मोठं वर्तुळ काढा आणि त्यावर तीस खुणा करा. एक मूल सूर्य होऊन एका खुणेवर उभं राहील, दुसरं चंद्र होऊन त्याच खुणेवरून निघेल. दोघं एका जागी, ती अमावास्या. चंद्र एक खूण पुढे सरकला की प्रतिपदा संपली, दोन खुणा झाल्या की द्वितीया. पंधराव्या खुणेवर तो सूर्याच्या बरोबर समोर येतो, ती पौर्णिमा. वर्तुळाचे ३६० अंश, खुणा तीस, म्हणजे सूर्य-चंद्रातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी संपते. हा भागाकार मुलंच करतात.

मग सांगायचं, की खरा चंद्र एका चालीने चालत नाही. म्हणून एखादी तिथी वीसेक तासांत उरकते, एखादी सव्वीस तास रेंगाळते. दिवसाची तिथी कोणती हे ठरतं सूर्योदयाला. रोज सूर्योदयाला हजेरी घेतात असं समजा. जी तिथी सूर्योदयानंतर आली आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयाआधी निघून गेली, तिची हजेरी लागलीच नाही. तोच क्षय. उलट एखादी तिथी दोन सूर्योदयांना हजर सापडली, तर ती वृद्धी. एवढं झालं की मुलांना पंचांग द्या आणि म्हणा, या वर्षातल्या गैरहजर तिथ्या शोधा. पुढची वीस मिनिटं तुम्ही चहा घेऊ शकता.

जुन्या पंचांगात वेळ घटी-पळांत दिली असेल तर तीही संधी समजा. एक घटी २४ मिनिटांची आणि एका घटीची ६० पळं. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार कुठून आला, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरी बैठक : आपल्या वर्षाचं नाव काढा

माझा सगळ्यात आवडता भाग हा. मुलांनाही याचीच ओढ असते, कारण यात त्यांचं स्वतःचं काहीतरी निघतं.

रीत सोपी आहे. इसवी सनातून ७८ वजा केले की शालिवाहन शक येतो. शकात १२ मिळवा आणि ६० ने भागा. बाकी जितकी उरेल तितकं नाव भिंतीवरच्या यादीत बघा. बाकी शून्य आली तर साठावं.

आधी रीत खरी आहे का ते तपासायला लावा. शिवरायांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. तिथी होती ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, आनंदनाम संवत्सर. १६७४ वजा ७८ म्हणजे १५९६, जमलं. त्यात १२ मिळवले की १६०८. साठाने भागल्यावर बाकी ४८. यादीत अठ्ठेचाळिसावं नाव? मुलं धावत भिंतीशी जातात. ‘आनंद’ दिसल्यावर जो ओरडा होतो, तो मी दरवर्षी ऐकते आणि दरवर्षी मला तो नवा वाटतो. इतिहासाच्या पुस्तकात पाठ केलेली ओळ स्वतःच्या भागाकारातून बाहेर आलेली असते.

आता ज्याने-त्याने आपलं वर्ष काढायचं. तुम्हाला पडताळा घेता यावा म्हणून पाडव्यापासून सुरू होणारी काही वर्षं देते : २०१४ जय, २०१५ मन्मथ, २०१६ दुर्मुख, २०१७ हेमलंबी, २०१८ विलंबी, २०१९ विकारी, २०२० शार्वरी. इथे एक खड्डा आहे आणि प्रत्येक गटातलं एक तरी मूल त्यात पडतं. जानेवारी ते मार्चमध्ये किंवा एप्रिलच्या सुरुवातीला, पण पाडव्याच्या आधी जन्म झाला असेल, तर ७८ नाही, ७९ वजा करायचे, कारण तेव्हा जुनाच शक चालू होता. खड्डा आधी दाखवू नका. फेब्रुवारीतल्या आणि मेमधल्या मुलाचं नाव एकच आलं की कोणीतरी म्हणेलच, “पण पाडवा तर मध्ये आला ना?” त्याची वाट बघा.

मागच्या पाडव्याला चौथीतली एक मुलगी आपल्या आजीला घेऊन आली होती. मुलीचा जन्म २०१६ च्या पावसाळ्यातला, नाव निघालं दुर्मुख. चेहरा जरा पडला. मग तिने आजीचं वर्ष काढलं, १९५६. वजाबाकी, बेरीज, भागाकार. बाकी तीस. तिने पुन्हा करून बघितलं. पुन्हा तीस. “आजी, तू पण दुर्मुख!” आजींनी वही हातात घेतली, चष्मा वर सारून दोन्ही गणितं शेजारी-शेजारी वाचली आणि नातीला जवळ ओढलं. साठ वर्षांनी तेच नाव फिरून येतं आणि आपल्याकडे साठीची शांत करतात, त्यातलं साठ हेच, हे मुलांना त्या दिवशी दिसलं.

साठच का, असा प्रश्न येतो. गुरूला आकाशात एक फेरी मारायला सुमारे बारा वर्षं लागतात, शनीला सुमारे तीस. दोघं पुन्हा साधारण जुन्या जागी एकत्र येतात साठ वर्षांनी. बारा आणि तीस यांचा लसावि काढायला सांगा. पाचवीतल्या मुलांना लसाविचा असा उपयोग पहिल्यांदाच दिसतो.

आणखी एक प्रश्न येणार, त्याची तयारी ठेवा. १९ मार्च २०२६ ला सुरू होणाऱ्या शके १९४८ चं नाव आहे पराभव. मुलं विचारणारच, “म्हणजे या वर्षी आपण हरणार?” हा प्रश्न हसून टाळू नका, मूल खरंच घाबरलेलं असू शकतं. नावं वारांसारखी ओळीने येतात, कोणी वर्ष बघून ठेवत नाही, हे सांगा. पण नुसतं सांगून भागत नाही, उदाहरण लागतं. मी शार्वरीचं देते. शार्वरी म्हणजे रात्र. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. ऐकून मुलं माना डोलावतात, नाव बरोबरच होतं म्हणतात. मग साठ वजा करायला सांगते. १९६०. तेव्हाही शार्वरीच. आणि १ मे १९६० ला काय झालं? महाराष्ट्र राज्य झालं. रात्र नावाच्या वर्षात! एवढ्यावर भीती जाते. पराभव संवत्सरात, म्हणजे १९६६ च्या पाडव्यानंतर वर्षभरात जन्मलेलं कोणी घरात असेल तर त्यांना गाठा आणि वर्ष कसं होतं ते विचारा. राशिभविष्याची पानं मात्र मी मुलांना वाचायला देत नाही, त्यात स्वतः पडताळून बघण्यासारखं काही नसतं.

तिसरी बैठक : पाडवा पुढे-मागे का सरकतो

तीन तारखा फळ्यावर लिहा : ३० मार्च २०२५, १९ मार्च २०२६, ७ एप्रिल २०२७. तिन्ही पाडवे. मधले दिवस मोजायला लावा. बोटांवर, कॅलेंडरवर, कसेही.

पहिलं उत्तर ३५४, दुसरं ३८४. मुलांना वाटतं चुकलं, पुन्हा मोजतात. मोजू द्या. उत्तर पक्कं झालं की विचारा, फरक किती? तीस. तीस दिवस म्हणजे काय? महिना! आता शके १९४८ च्या पंचांगात तेरावा महिना शोधा. ज्येष्ठ दोनदा सापडतो. १७ मे ते १५ जून २०२६ हा अधिक ज्येष्ठ.

चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, ऋतूंचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची उधारी साठत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना घालून ती फेडली जाते. फेडली नसती तर? इथे मुलांना हिजरी वर्षाकडे न्या. त्यात अधिक महिना नसतो, म्हणून रमजान कधी थंडीत येतो, कधी कडक उन्हाळ्यात. वर्गातल्या मुस्लिम मित्राला हे अनुभवाने माहीत असतं. ज्यूंच्या वर्षात मात्र आपल्यासारखाच जादा महिना घालतात, एकोणीस वर्षांत सात वेळा. कोकणातल्या बेने इस्रायली कुटुंबांत तेच वर्ष पाळत आलेत.

“मग एक जानेवारीचं नवं वर्ष खोटं का?” हाही प्रश्न येतो. खोटं कशाला? सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ही नावं मोठ्याने म्हणायला सांगा आणि शेजारी सप्त, अष्ट, नव, दश लिहा. डिसेंबर दहावा मग बारावा कसा झाला, हे त्यांना एका रात्रीत शोधून येऊ द्या. जुन्या रोमन वर्षाची सुरुवात मार्चमध्ये होती, हे कळल्यावर मार्चमधला पाडवा त्यांना एकटा वाटत नाही.

दारोदार : तुमचं नवं वर्ष कधी?

पाडव्याच्या आदल्या दोन दिवसांत मुलांना दोघा-दोघांनी इमारतीत पाठवा. तीनच प्रश्न : तुमचं नवं वर्ष कधी येतं, त्या दिवशी घरात पहिलं काय करतात, आणि लहानपणीचा एक पाडवा सांगा. उत्तर जसं सांगितलं तसंच लिहायचं, सुधारायचं नाही. तिसऱ्या प्रश्नाला लोक दारातून आत बोलावतात.

कन्नड आणि तेलुगू घरांत त्याच दिवशी उगादी असते आणि सहा चवींची पच्चडी होते. गोव्याकडची माणसं संवसर पाडवो म्हणतात. सिंधी घरात चेटीचंड त्याच सुमारास. गुजराती काकांचं वर्ष आपल्या दिवाळीच्या पाडव्याला बदलतं. तमिळ आणि बंगाली कुटुंबांचं एप्रिलच्या मध्यावर, कारण ते सूर्याचं वर्ष आहे. पारशी आजी २१ मार्चचा नवरोज सांगतील आणि वर ऑगस्टमधलंही सांगतील. आमच्या मुलांनी सगळ्या तारखा एका सुतळीवर चिठ्ठ्या टांगून लावल्या. एका इमारतीत वर्षातून किती वेळा नवं वर्ष येतं, ते जिन्यातून येणारे-जाणारे थांबून वाचत होते.

पाडव्याची सकाळ

गुढीत मुलांना प्रत्यक्ष काम द्या, नुसतं ‘हात लाव’ नको. काठी धुणं, खणाच्या निऱ्या, कडुलिंब आणि आंब्याचे डहाळे, साखरेची गाठी, वर उपडा गडू. बांधताना सुतळीची गाठ कशी घालायची, हेसुद्धा शिकण्यासारखंच. गुढीपाशी प्रत्येकाचं एक पुस्तक ठेवा. नवंच हवं असं नाही. वर्षभरात जे सगळ्यात आवडलं, ते दुसऱ्याला वाचायला द्यायचं, आणि पहिल्या पानात पेन्सिलीने ‘हे मी का दिलं’ ते दोन ओळींत.

चटणीला कडुलिंबाची अगदी कोवळी, तांबूस पानं आणि मिळाली तर फुलं घ्या. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, चिंच, ओवा, जिरे, हिंग, मीठ घालून पाट्यावर किंवा खलबत्त्यात मुलांनाच वाटू द्या. प्रत्येकाला नखाएवढीच, त्याहून जास्त नको. मग वही उघडायची आणि चवीबद्दल तीन ओळी लिहायच्या, अट एकच : ‘कडू’ हा शब्द वापरायचा नाही. एका मुलाने लिहिलं होतं, “आधी जीभ मागे पळाली. मग गुळाने तिला हाक मारली. पण घशात कोणीतरी राहूनच गेलं.” असलं वाक्य निबंधाच्या वहीत येत नाही, कारण तिथे काय लिहायचं ते आधीच ठरलेलं असतं.

मोठ्या मुलांसाठी एक शब्दशोध. ‘गुढी’ हा शब्द काठीपुरता नाही. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात “सज्जनांकरवीं गुढी । सुखाची उभवीं” असं आहे. घरात ग्रंथ असेल तर ती ओवी शोधायला लावा. शोधताना आजूबाजूच्या दहा ओव्या वाचल्या जातात, मला त्याच हव्या असतात.

त्याच दुपारी : सावली

साडेबारा ते एकच्या दरम्यान गच्चीवर मीटरची पट्टी अगदी सरळ उभी धरा आणि दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपा. सगळ्यात आखूड सावली लिहून ठेवा. पाडवा २० मार्चच्या आसपास असेल तर पुण्याकडे ती साधारण ३४ सेंटीमीटर भरते, एप्रिलमधल्या पाडव्याला बरीच कमी. मग दर रविवारी मोजत राहायचं. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईकडे एक दिवस असा येतो की सावली पायाखालीच सापडते. शून्य सावलीचा तो दिवस कोणता असेल, याचा अंदाज पाडव्यालाच लिहून घ्या. पायाला चटके बसतात, टोप्या आणि पाणी विसरू नका.

दुसरी संध्याकाळ : चंद्रकोर

पाडव्याच्या संध्याकाळी गुढी सूर्यास्ताआधी उतरवली की मुलं चंद्र शोधायला लागतात. बहुधा दिसत नाही, तो अजून सूर्याच्या फार जवळ असतो. दुसऱ्या दिवशी पश्चिमेला, सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासात, नखाच्या कडेसारखी कोर दिसते. तिथून रोज एक ओळ वहीत : किती वाजता पाहिला, कुठे होता, आकार कसा. पौर्णिमेच्या रात्री चंद्राच्या आसपास एक ठळक पांढरट-निळा तारा दिसेल. तो चित्रा. पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळ असतो म्हणून महिना चैत्र. विशाखेवरून वैशाख, ज्येष्ठेवरून ज्येष्ठ. पुढचे नऊ मुलांनी नक्षत्रांच्या यादीतून जुळवायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हात रिकामे राहतील, तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आठवा. ते १९७१ पासून निघतं आणि जुने अंक त्याच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. आई-बाबा मुलाच्या वयाचे होते तेव्हाचा एखादा अंक काढा. आई तिच्या मुलाएवढी असताना मुलांना काय वाचायला मिळत होतं, हे दोघांनी मिळून बघण्यासारखं असतं.

वहीचं शेवटचं पान

ज्या प्रश्नांना उत्तर मिळालं नाही, ते वहीच्या शेवटच्या पानावर शकासकट तारीख घालून लिहायचे. तुम्हाला उत्तर येत असलं तरी दोन-तीन प्रश्न तसेच राहू द्या. पुढच्या पाडव्याला पहिलं काम म्हणजे ते पान उघडणं. कोणी उत्तर शोधून आणलेलं असतं, कोणाला प्रश्नच आता सोपा वाटतो.

आमच्या वहीत या वेळी सगळ्यात वर एका आठ वर्षांच्या मुलाचा प्रश्न आहे. त्याच्या मावशीला जूनच्या पहिल्या आठवड्यात बाळ होणार आहे, म्हणजे अधिक ज्येष्ठात. त्याने लिहिलंय : “बाळाचा तिथीने वाढदिवस पुढच्या वर्षी कोणत्या महिन्यात करायचा? तो महिनाच नसेल तर?”